जगात जर्मनी, न्हाणीत मोती

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्यातलं मूल ‘आई’, ‘बाबा’ यांच्या पाठोपाठ शिकतं. ती कोणी काढली आणि कशावरून काढली, हे विचारायचं नसतं. माझा आपला तर्क असा, की ज्यानं ती काढली त्याला एक तर जर्मनी ठाऊक नसावी किंवा परभणी. दोन्ही ठाऊक असलेला माणूस इतक्या ठामपणे बोलूच शकत नाही. पण एका बाबतीत मी ही म्हण छातीठोकपणे खरी मानतो. जर्मन माणसानं साबणाच्या रसायनशास्त्रावर जाडजूड ग्रंथ लिहिले असतील. साबणाला शालू नेसवून, बिंदी लावून, परडीत बसवून मांडवात उभा करण्याची कला मात्र त्याला साधलेली नाही. ती आमच्याकडच्या आया-आत्यांना साधली होती.

इतिहासकारांनी या विषयाकडे पाठ फिरवली आहे. किल्ले, तह, वंशावळी यांतून त्यांना सवड मिळत नाही. दिवाळीच्या पहाटे घरोघर जो एक तास युद्धपातळीवर चालतो, त्याची बखर कोणी लिहायची? शेवटी हे काम आमच्यासारख्यावर येऊन पडतं.

आरंभ साबणाच्या आधीपासून करायला हवा, कारण आंघोळ साबणाच्या कितीतरी आधीची आहे. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान म्हणजे तेल आणि उटणं. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, चंदन, संत्र्याची वाळलेली साल, हे सगळं कुटून वस्त्रगाळ केलं की उटणं होतं. कुटणारीनं कंटाळा केला तर उटण्याऐवजी पॉलिश पेपर होतो. केसांना शिकेकाई, कपड्यांना रिठा, भांड्यांना राख अशी खातेवाटप ठरलेली होती. गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातलं. जनाबाई तिथली. ती चौदाव्या शतकात धुणी धूत होती, आणि तिच्या मदतीला विठ्ठल येत असे, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. साबण नव्हता म्हणून देवाला यावं लागलं, असं आमच्या एका काकांचं मत होतं. काकू त्यावर म्हणायची, “आता साबण आहे, तरी घरातला पुरुष काही धुण्याला हात लावायला येत नाही.” यावर काकांचं मत नव्हतं.

‘साबण’ हा शब्द अरबी-फारसीतल्या ‘साबून’चा भाऊ. आमची आजी निजामाच्या राजवटीत वाढली, ती शेवटपर्यंत ‘साबुनदानी’च म्हणे. पण विलायती वडी जहाजातून आली ती पुढे. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात ‘सनलाईट’ साबणाची खोकी उतरली, लिव्हर बंधूंनी इंग्लंडात बनवल्याचा छाप वडीवर मारलेली. साबणावरची नक्षी म्हणाल तर आपल्याकडे तिची सुरुवात ही अशी साहेबाच्या नावानं झाली. परभणीला रेल्वे आली १९००च्या सुमारास, मनमाड-हैदराबाद रस्त्यावर. म्हणजे तोवर इथला माणूस मळकट होता असं नाही. फक्त त्याला तसं सांगणारी जाहिरात अजून गाडीतून उतरली नव्हती.

त्यात आम्ही मोगलाईत. मुंबईचा माल निजामाच्या हद्दीत शिरला की करोडगिरीचा नाका. शिवाय नाणं वेगळं. इंग्रजी रुपया तो ‘कलदार’ आणि आमचा तो ‘हाली सिक्का’. साधारण सात हाली दिले की सहा कलदार. आजोबा सांगत की बिडीबंडल घेताना कोणी हिशेब करत नसे, पण वासाचा साबण घेताना घरातला प्रत्येक माणूस सातासहाचं त्रैराशिक तोंडी सोडवून दाखवायचा आणि उत्तर प्रत्येक वेळी ‘नको’ असं यायचं.

पैशाहून मोठी अडचण सोवळ्याची होती. विलायती साबणात जनावराची चरबी असते, ही बातमी साबणाच्या आधी घरोघर पोहोचली होती. १८५७ साली काडतुसं ज्या कारणानं बाटली त्याच कारणानं वडीही बाटली. आजीच्या सासूनं म्हणे साबण गोठ्याच्या कोनाड्यात ठेवायला लावला होता, आणि तो वापरून आलेल्या माणसाला पुन्हा साध्या पाण्यानं आंघोळ करावी लागे. अंगाची घाण साबणानं जायची, साबणाची घाण पाण्यानं. हा प्रश्न सुटला पहिल्या महायुद्धानंतर. आर्देशिर गोदरेज यांनी निव्वळ वनस्पती तेलाचा साबण काढला आणि चरबीची भानगड मिटवली. त्यांनी बाजारात आधी ‘दोन नंबर’ आणला आणि ‘एक नंबर’ नंतर, १९२२च्या सुमारास. दोन नंबर एवढा चांगला तर एक नंबर कसला असेल, असं गिऱ्हाइकानं मनात म्हणत राहावं, हा त्यातला डाव. आमच्याकडे मात्र ‘दोन नंबरचा’ या शब्दाला पुढे जो अर्थ आला, तो पाहता ही युक्ती आज चालली नसती. रवींद्रनाथ टागोरांनीसुद्धा गोदरेजच्या साबणाची शिफारस केली होती. दाढी असलेल्या माणसाची साबणाबद्दलची शिफारस लोकांनी मानली, यावरून स्वदेशीचा जोर कळावा.

तिकडे म्हैसूरला दुसरीच गंमत झाली. महायुद्धामुळे चंदनाचं लाकूड युरोपात जायचं थांबलं, माल साठून राहिला. तेव्हा महाराजा कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी १९१६ साली बंगळूरला कारखाना घातला आणि तेल घरीच काढलं. ते तेल साबणात घालायचं शास्त्र शिकायला सोसले गरळपुरी शास्त्री इंग्लंडला गेले होते. शास्त्र्यानं समुद्र ओलांडून साबण शिकून यावं, यात जे काव्य आहे ते असो. पण म्हैसूरकरांनी ओळखलं, की हिंदुस्थानी माणूस साबण विकत घेत नाही, तो दागिना विकत घेतो. म्हणून वडी लंबगोल, तिच्यावर शरभाचं चिन्ह, आणि खोका दागिन्यांच्या डबीसारखा. आमच्या घरी तो साबण संपल्यावर त्या खोक्यात वर्षानुवर्षं वाकी, बुगड्या आणि एलआयसीच्या पावत्या राहिल्या. लक्सनं तर १९४१ साली आपल्या लीला चिटणिसांनाच जाहिरातीत बसवलं. साबणाला सजवण्यापेक्षा साबण हातात धरणारीला सजवावं, हा विचार तिथून पुढे वाढत गेला आणि त्याला अजून ओहोटी नाही.

मग सत्तरच्या दशकात ‘मोती’ आला. टाटा ऑइल मिल्सचा. गोल, गुबगुबीत, हाताच्या मुठीत न मावणारा. गुलाबाचा आणि चंदनाचा. त्याच्या गोलाईत काय जादू होती कोण जाणे. पण लाडवांच्या दिवसांत लाडवाच्या आकाराचा साबण येतो ही गोष्ट मराठी मनाला तर्कशुद्ध वाटली असावी. पुढे १९९३ साली ही टाटांची कंपनी हिंदुस्थान लिव्हरकडे गेली, म्हणजे कलकत्त्याच्या बंदरातला साहेब पुन्हा न्हाणीत आला. पण आमच्याकडे त्याचं कोणाला सोयरसुतक नव्हतं. दिवाळी आणि मोती यांचं लग्न लागलं ते लागलंच. वर्षातून एकदा तो घरात यायचा. आधी वडील, मग मोठा भाऊ, मग धाकटे, अशी त्याची पालखी फिरायची. बहिणी आणि आई यांच्या वाट्याला तो येईस्तोवर मोत्याची मसुराची डाळ झालेली असे. बाहेर कोणीतरी फुलबाजी लावून उभा, आत अंगावर शहारे, आणि वडलांचा आवाज, “फार घासू नको, भाऊबीजेला लागतो!”

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. ते म्हणजे रुखवत.

१९७२चा दुष्काळ ज्यांनी मराठवाड्यात पाहिला, त्यांना वेगळं सांगायला नको. विहिरी कोरड्या, माणसं खडी फोडायला, रेशनवर लाल मिलो, शाळेत सुकडी. त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात, म्हणजे १९७३ साली, माझ्या धाकट्या आत्याचं लग्न ठरलं होतं. मुलगा सेलूचा. आजोबांची जमीन कोरडवाहू. दोन वर्षं दाणा आला नव्हता. पाचपन्नास भांडी द्यायचं बोलणं होतं, त्यातली निम्मी गहाण पडली होती. रुखवताचं टेबल मात्र मोकळं दिसून चालणार नव्हतं. ते टेबल म्हणजे मुलीच्या बापाचा ताळेबंद असतो, आणि वरपक्षाच्या बायका हिशेब तपासनिसांपेक्षा कडक असतात. पितळ कमी पडलं तिथं काहीतरी उभं करायला हवं होतं.

आत्यानं साबण उभा केला. आजीनं तिला अंगणात साबणाच्या वड्या मांडून बसलेलं पाहिलं आणि विचारलं, “काय करूलालीस गं?” आत्या म्हणाली, “भांडी.”

ही विद्या त्या काळी मुलींच्या शाळेत आणि शिवणक्लासात सगळीकडे होती, म्हणून ती लिहूनच ठेवतो. लंबगोल वडी घ्यायची, आणि ताजी घ्यायची. जुनी असली तर टाचणी खुपसताच तडकते. वडीच्या वरच्या कडेला सारख्या अंतरावर टाचण्या, खालच्या कडेलाही तशाच. मग साटीनची अरुंद फीत वरच्या टाचणीवरून खालच्या, खालच्यावरून वरच्या अशी तिरपी ओढत न्यायची. दुसरा फेरा उलट्या बाजूनं. झाली परडीची भिंत. तारेला फीत गुंडाळून मूठ. वर प्लॅस्टिकची फुलं. प्रत्येक टाचणीच्या डोक्याखाली एक टिकली आणि एक मणी ओवलेला. दोन वड्या एकावर एक ठेवून बाहुली होते, चार वड्यांची एसटी होते, एका वडीला मान कोरली की हंस होतो. आत्यानं पंधरा-वीस वड्यांत परड्या, हंस, तुळशीवृंदावन आणि एक एसटीची गाडी केली. गाडीवर पाटी ‘परभणी-सेलू’. साबण स्वस्तातले, फीत जुन्या परकराची सोडवलेली, टिकल्या आजीच्या फाटक्या खणाच्या.

लग्नात त्या टेबलापाशी गर्दी हटेना. कोणी भांडी मोजली नाहीत. वरमाई टाचण्यांच्या ओळीवरून बोट फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, “मुलीचा हात चांगला आहे.” आजोबा मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि पुन्हा डोक्यावर घातलं, एवढंच मला आठवतं. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि माझं सगळं लक्ष एसटीच्या चाकांकडे होतं. ती मारी बिस्किटांची होती.

या कलेचा एक नियम असा, की सजवलेला साबण वापरायचा नसतो. आत्याच्या सासरी परडी काचेच्या कपाटात गेली, आणि तिथं ती पुढची वीस वर्षं होती. पहिली दोन वर्षं तर सेलूला पाणीच मोजून मिळत होतं. चौथ्या दिवशी दोन घागरी, त्यात कोण साबण लावणार? साबणाचा फेस धुवायला पाणी लागतं, हे शहरातल्या माणसाला कधी सुचतच नाही. त्या वर्षी दिवाळीला सासूबाईंनी कपाट उघडलं, सगळ्यांना परडीचा वास घ्यायला दिला आणि कपाट लावलं. ती त्या वर्षीची मोत्याची आंघोळ.

पाणी आलं तरी परभणीकराचा साबणाशी झगडा संपत नाही. आमचं बोअरचं पाणी जड. त्यात चुनखडी-मॅग्नेशियमचे क्षार. साबण लावला की फेस होण्याऐवजी क्षारांशी त्याची गाठ पडते आणि बादलीवर दह्यासारखी साय धरते. पुण्याचा पाहुणा आला की न्हाणीतून ओरडतो, “अहो, तुमचा साबण नासलाय!” साबण नासलेला नसतो, पाणी परभणीचं असतं. वर्षभर असा बिनफेसाचा संसार करणाऱ्यांना साबण दिसायला तरी सुंदर असावा असं वाटलं, तर त्यात नवल काय?

आता आत्या सत्तरीच्या पुढे आहे, आणि गेली काही वर्षं तिनं बचत गटातल्या बायकांना घेऊन घरी साबण करायला घेतला आहे. पूर्वी ती तयार वडी सजवायची, आता वडीही तिचीच. इथं मात्र तिच्या हातचटोरीचा कस लागला, कारण जन्मभर तिनं मीठसुद्धा मोजून घातलेलं नाही आणि साबणाला अंदाज चालत नाही. एक किलो खोबरेल तेलाला कॉस्टिक सोडा लागतो साधारण १८० ग्रॅम. तेवढ्याच करडईच्या तेलाला १३५च्या आसपास. वीस-पंचवीस ग्रॅम इकडचे तिकडे झाले की एक तर वडी तेलकट किंवा अंगाची सालटी. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. चूल न पेटवता ते पाणी चहाला ठेवल्यासारखं तापतं. भांडं स्टीलचं, अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं तर कॉस्टिक त्याला खाऊन टाकतं. आत्यानं डोळ्याला चष्मा, हातात मोजे आणि तोंडाला पदर बांधला की काका घराबाहेर जाऊन बसतात.

पहिला घाणा अभिमानानं करडईच्या तेलाचा केला. करडई म्हणजे परभणीची शान. इथल्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या वाणाचं नावच ‘परभणी कुसुम’. पण नुसत्या करडईच्या तेलाची वडी मऊ राहते, आणि ठेवली की तिच्यावर पिवळे-नारिंगी डाग येऊन खवट वास मारते. कडकपणा आणि फेस हवा तर खोबरेल हवंच, आणि परभणीत नारळ फक्त सत्काराला येतो. शेवटी दोन्ही मिसळून तडजोड झाली. मराठवाडा आणि कोकण यांच्यात यापेक्षा यशस्वी तडजोड माझ्या पाहण्यात नाही.

सजावटीचे धडे तर आणखी महाग पडले. दिवाळी म्हणून हळद घातली. पिवळीधमक वडी होईल असं वाटलं, तर मिश्रण लालभडक! गटातल्या बाया घाबरल्या. त्यातली एक म्हातारी हसत सुटली. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे तिला आईच्या पोटातून ठाऊक होतं. कॉस्टिक हा चुन्याचा थोरला भाऊ. ते कुंकूही टिकलं नाही, महिन्याभरात रंग उतरून विटकरी झालं. गुलाबाच्या पाकळ्या घातल्या, त्या आठवड्यात चहाच्या चोथ्यासारख्या काळ्या-तपकिरी. टिकला तो एकच दागिना, करडईच्या फुलाच्या पाकळ्या. काट्यांतून वेचून वाळवलेल्या त्या पाकळ्या वरून भुरभुरल्या की पिवळ्या-केशरी बऱ्यापैकी तशाच राहतात. तेलानं दगा दिला, फुलानं अब्रू राखली.

आणि मुहूर्ताचा घोळ! वडी ओतली की चार ते सहा आठवडे वाळू द्यावी लागते, तरच ती कडक आणि सौम्य होते. नरकचतुर्दशीपासून सहा आठवडे मागे मोजा, तुम्ही बरोबर पितृपक्षात पडता. पितृपक्षात नवं काही करायचं नाही. चार आठवडे मोजा, तर घटस्थापना. तेव्हा बायकांना मान वर करायला सवड नाही. त्यामुळे आत्याच्या गटाचा घाणा अनंतचतुर्दशीच्या आत ओतला जातो. एका कोपऱ्यात गणपतीची आरती आणि दुसऱ्या कोपऱ्यात पिठल्यासारखं घट्ट होत आलेलं साबणाचं मिश्रण. प्रसाद मागणाऱ्या पोरांना दोन वेळा हटकावं लागतं.

मधे एक कायद्याचा पेच आला. घरी केलेला साबण भेट दिला तर प्रश्न नाही. विकायचा तर परवाना हवा. कागदपत्रं चाळताना मला जो मजकूर सापडला, त्यानं इतिहासकार म्हणून मी धन्य झालो. १९४० साली औषधांचा आणि प्रसाधनांचा जो कायदा झाला, त्यात पुढे प्रसाधनाची व्याख्या करताना साबण स्पष्टपणे वगळलेला होता. साबण म्हणजे शृंगार नव्हे, असं सरकारचं मत. ते वगळणं १९८२च्या दुरुस्तीनं काढून टाकलं, आणि साबण अधिकृतपणे शृंगारात आला. आत्यानं त्याला साटीन नेसवून नऊ वर्षं झाली होती. गटानं परवाना काढला. किती खेपा घातल्या ते आत्या सांगत नाही, चपलांचे जोड सांगते.

दिवाळीच्या आधी प्रदर्शनात त्यांचं टेबल लागतं. टाचण्या आता नाहीत. लहान मुलांना टोचतात. केळीच्या सोपटाचा दोर, वर करडईच्या पाकळ्या, खणाच्या कापडाची चिंधी आणि कागदी पणती. मागच्या खेपेला मी तिथंच बसलो होतो. एक बाई आल्या, वडी उलटीसुलटी करून म्हणाल्या, “ऐंशी रुपये? साबण तर पंचवीसला मिळतो.”

आत्यानं शांतपणे चिंधी सोडली, दोर काढला, पणती बाजूला ठेवली आणि उघडी वडी पुढे केली. “ही साठ. सजावटीचे वीस.”

बाईंनी उघड्या वडीकडे पाहिलं. मग टेबलावर पडलेल्या चिंधीकडे पाहिलं.

“असं करा,” त्या म्हणाल्या, “पुन्हा बांधा. आणि अशा आणखी पाच द्या. लेकीचा पहिला दिवाळसण आहे.”

आत्या बांधायला बसली. गाठ मारताना तिनं वर न बघता विचारलं, “जावई कुठले?”

“सेलूचे.”

“मग वापरायला सांगा,” आत्या म्हणाली. “पाणी येतं आता तिथं.”